वेळापत्रक घेऊन लंडनला

विमान ढगांच्या खाली आलं तेव्हा सकाळ नुकती उजाडत होती आणि लंडन अजून पुरतं जागं झालेलं नव्हतं. खिडकीतून दिसत होती ती धुक्याची साय, तिच्यातून वर आलेले झाडांचे काळसर शेंडे आणि मधेच एक वाकडीतिकडी रुपेरी रेघ. ती टेम्स नदी असणार, म्हणून मी सुनंदाला बोटाने दाखवली. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती काचेला कपाळ टेकवून त्या रेघेकडे बघत राहिली, रेघ पंखाखाली गेली तरीही.

मी चिपळूणच्या बसडेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी किती वाजता सुटली, का उशिरा सुटली, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. आमची मुलगी केतकी आणि जावई वॉटफर्डला राहतात. लंडनच्या वायव्येला, गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेलं हे गाव. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तीन आठवडे या, असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी ऑक्टोबरमध्ये आम्ही निघालो, आणि निघण्याआधी महिनाभर बसून मी लंडनचं वेळापत्रक तयार केलं. दिवसाला पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणासमोर पोचण्याची आणि निघण्याची वेळ.

लंडनला जाणाऱ्यांनी काय करू नये, हे आता मला बऱ्यापैकी सांगता येईल. कारण त्यातलं बहुतेक सगळं मी केलं.

केतकीने पहिल्याच संध्याकाळी तो कागद पाहिला. तिला हसू आलं, पण ते तिने चहाच्या कपात लपवलं. मग तिने चार गोष्टी समजावून सांगितल्या. सकाळी आठच्या गर्दीत ट्यूबने (ट्यूब म्हणजे तिथली जमिनीखालची रेल्वे) जाऊ नका, तेव्हा सगळं शहर कामाला निघालेलं असतं. एका दिवसात दोन ठिकाणं पुष्कळ झाली. फोन आपापल्याजवळ ठेवा. आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवून ठेवा. मी हो हो म्हणालो. आयुष्यभर हजारो माणसांना योग्य गाडीत बसवलेल्या माणसाची चुकामूक कशी होईल, असं मनात होतं.

पहिले दोन दिवस आम्ही वॉटफर्डलाच होतो. झोपेची वेळ उलटसुलट झालेली, त्यामुळे सगळं थोडं तरंगल्यासारखं वाटायचं. हाय स्ट्रीटवर (गावातला मुख्य बाजाररस्ता) फिरताना वाण्याच्या दुकानात कढीपत्ता आणि कैऱ्या दिसल्या, गुजराती बोलणं कानावर पडलं, आणि दुकानाबाहेर मात्र मेपलची पिवळी पानं न वाजता खाली येत होती. एका ठिकाणी रस्ता ओलांडायला आम्ही उभे राहिलो. समोरून गाडी आली आणि थांबली. ती जाईल म्हणून आम्ही थांबलो, आम्ही जाऊ म्हणून ती थांबली. दोन्हीकडून बराच वेळ काहीच घडलं नाही. शेवटी गाडीतल्या म्हाताऱ्या बाईंनी हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. पलीकडे पोचल्यावर सुनंदा वळून त्यांना नमस्कार करून आली.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रक सुरू झालं. संसदेचं मोठं घड्याळ, राजवाडा, सिंहांचा चौक, हे सगळं आम्ही दुपारच्या आत उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. सरकत्या जिन्यावर मी डाव्या बाजूला उभा राहिलो. तिथे उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्या लोकांना सोडायची, असा नेम आहे. माझ्यामागे माणसांची रांग मुकाट्याने तुंबली. जेवलो ते अगदी घड्याळासमोरच्या दुकानात, आणि तिथलं सँडविच पुठ्ठ्यासारखं निघालं. मग लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायला नकाशात बघून ट्यूब घेतली. गाडी सुटली आणि बसायच्या आत स्टेशन आलं. लिफ्टला गर्दी होती म्हणून मी जिना धरला. तो गोल गोल जिना संपेचना. वर आल्यावर एका पोलिसाने हसत सांगितलं की ही दोन ठिकाणं पायी चार-पाच मिनिटांवर आहेत. सुनंदा कठड्याला धरून दम घेत होती. मी कागदावर टिकमार्क केला.

इथे सुनंदाबद्दल थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका तापात तिचा उजवा कान पूर्ण गेला आणि डावा अर्धा. डाव्या कानात ती मशीन लावते, पण गोंगाटात सगळेच आवाज मोठे होतात, म्हणून ट्यूबमध्ये शिरताना ती ते काढून खिशात टाकायची. कान गेल्यापासून ती कमी बोलायला लागली होती. लोकांनी तिला काही विचारलं की तिचं अर्धं लक्ष ओठांकडे, अर्धं चेहऱ्याकडे. तिला वेळ लागायचा. तो वेळ वाचावा म्हणून तिच्या वतीने मी उत्तर द्यायला लागलो. चहा की कॉफी, साखर किती, तब्येत कशी, सगळं मीच सांगायचो. तिला त्रास नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याला दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवला. आधी लंडन ब्रिज स्टेशन, तिथून नदीकाठाने जुना किल्ला, मग किल्ल्याजवळचा दुसरा पूल. निघताना सुनंदाचा फोन, दोघांचे पासपोर्ट, केतकीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, सगळं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टाकलं. एकाच ठिकाणी असलं की हरवत नाही, हा माझा जुना नियम. तिच्याकडे राहिलं ते फक्त ट्यूबचं कार्ड आणि डब्यात बांधलेल्या दशम्या.

वॉटफर्डची गाडी युस्टनला पोचते. तिथून खाली उतरून लंडन ब्रिजची ट्यूब घ्यायची. आठ वाजून गेले होते. केतकीने सांगितलेलं सगळं शहर खरोखरच खाली लोटलं होतं, आणि तरीही विलक्षण शांत होतं. हजारो माणसं, पण बोलत कुणीच नाही. नुसता बुटांचा आवाज, भुयारातून येणारा ऊबदार वारा आणि भिंतीवरच्या फरशांवर पिवळा उजेड. पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. गाडी आली. ही बरोबर शाखेची गाडी आहे ना, ते बघायला मी कागद काढला. युस्टनहून त्या मार्गाच्या दोन शाखा फुटतात आणि इथे पुष्कळ लोक फसतात, असं मी वाचलं होतं. माझी नजर कागदावर असताना गर्दीने सुनंदाला उचलल्यासारखं आत नेलं. मी मान वर केली तेव्हा दार बंद होत होतं.

ती काचेच्या पलीकडे होती, हातभर अंतरावर. पुढच्या स्टेशनला उतर, असं मी ओरडलो. मराठीत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्याने. एकीलाच ऐकू गेलं नाही, जिला जायला हवं होतं तिला. गाडी हलली. मी दोन-चार पावलं तिच्याबरोबर धावलो, मग डबे एकामागून एक माझ्यासमोरून गेले आणि शेवटी भुयाराचं काळं तोंड उरलं.

दुसरी गाडी तीन मिनिटांत आली. किंग्ज क्रॉस हे पुढचं स्टेशन. तिथे उतरून मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. प्रत्येक गाडी येताना वाटायचं की ही गर्दी ओसरली की मागे ती उभी असेल. गर्दी ओसरायची आणि रिकामा फलाट दिसायचा.

केशरी जाकीट घातलेल्या तिथल्या कर्मचारी बाईंनी मला बघितलं आणि जवळ आल्या. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या न घाई करता एकेक विचारत गेल्या. त्यांच्याकडे फोन आहे का? माझ्या पिशवीत. राहण्याचा पत्ता? माझ्या पिशवीत. पासपोर्ट? तोही. इंग्रजी येतं? थोडं. ऐकू येतं? फारसं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, तुमच्या बायकोने काय घातलंय?

मला आठवेना. साडी नव्हती, एवढं माहीत होतं. थंडीमुळे ती केतकीचे कपडे घालत होती. पण आज कुठले, कुठल्या रंगाचे, काही केल्या डोळ्यांसमोर येईना. नाश्त्याची वेळ आठवत होती, गाडीची वेळ आठवत होती, फलाट क्रमांक आठवत होता. चाळीस वर्षं बरोबर असलेल्या माणसाच्या अंगावर सकाळी काय होतं, ते आठवत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. बाईंनी माझ्या दंडाला हलकेच हात लावला आणि वायरलेसवर पुढच्या स्टेशनांना निरोप द्यायला लागल्या. वयस्कर भारतीय बाई, एकट्या, कानाने कमी. एवढंच वर्णन मी देऊ शकलो होतो.

केतकीला फोन लावायला मी पिशवी उपसत होतो. रेंज येत-जात होती. अर्धवट लागलेल्या फोनवर मी मोठ्याने बोलत असताना पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “सॉरी काका, तुम्ही मराठी बोलताय ना? काय झाला?”

पंचविशीतली मुलगी होती, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. तन्वी तिचं नाव. तिचे आजी-आजोबा फार वर्षांपूर्वी नागपूरहून इकडे आले, ती इथेच जन्मली, मँचेस्टरला शिकली आणि आता लंडनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा तिने फक्त माझी उघडी पिशवी हातात घेतली, चेन लावली आणि मला बाकावर बसवलं. मी सांगत असताना तिने तिच्या दोन गाड्या जाऊ दिल्या.

“काका, मला सांगा,” ती म्हणाली, “काकूला काय बघायची होता? म्हणजे, तिचं लिस्ट काय होतं?”

लिंगं सगळी चुकलेली होती, पण प्रश्न नेमका होता. तिची यादी नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. मी खरं ते सांगितलं. इथे खाली फोन नीट लागणार नाही, वर चला, एवढंच तन्वी म्हणाली.

सरकत्या जिन्यावर मी उजव्या बाजूला उभा राहिलो. जिना वर चढत होता आणि मला उगाचच वाटत होतं की हे सगळं मी झोपेत बघतोय, थोड्या वेळाने वॉटफर्डच्या त्या पांढऱ्या पडद्यांच्या खोलीत जाग येईल आणि शेजारी ती असेल. वर उजेड आला तसा फोन वाजला. केतकी होती.

“बाबा, आई लंडन ब्रिजला आहे. ठीक आहे ती,” केतकी म्हणाली. “तिने कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. नदीकाठी बसलीय. आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय, घाई करत येऊ नका.”

केतकीचा नंबर सुनंदाला तोंडपाठ होता. मला नव्हता. माझ्या फोनमध्ये नुसतं नाव होतं.

तन्वी मला पुन्हा खाली घेऊन गेली, केशरी जाकीटवाल्या बाईंना तिनेच निरोप सांगितला आणि मला गाडीत बसवून दिलं. मी तिचे आभार मानायला लागलो तेव्हा ती लाजली. तिचे आजोबाही असेच पुढे चालायचे आणि आजी मागे राहायची, असं तिने दार बंद होता होता सांगितलं.

लंडन ब्रिजला वर आलो तर धुकं उतरत होतं. काचेच्या उंच इमारतींची टोकं दिसत नव्हती, त्यामुळे त्या वर कुठेच संपत नाहीत असं वाटत होतं. दोन गोदामांच्या मधून नदी दिसली. मी काठाकाठाने गेलो आणि लांबूनच ती दिसली. गडद निळा कोट. सकाळी तो मीच धरला होता आणि तिने हात घातले होते.

ती बाकावर बसली होती. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या इंग्रज आजीबाई, मांडीवर चित्रांची वही. दोघींच्या मध्ये डबा उघडा होता आणि आजीबाई दशमी खात होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. त्यांच्याही कानात मशीन होतं. दोघी वहीवर लिहून बोलत होत्या. पानभर मोठमोठी इंग्रजी अक्षरं होती, आणि सुनंदाच्या हातचं एक होडीचं चित्र. ती चित्रं काढते, हे मी लग्नाआधी नुसतं ऐकलं होतं.

काय झालं ते तिने सांगितलं, तेव्हा अगदी साधं निघालं. माझं ओरडणं तिला कळलं नाही. पण आज आधी लंडन ब्रिज, हे मी नाश्त्याला वाचलेलं तिने माझ्या ओठांवर वाचलं होतं. ती मुक्कामावर उतरली. फलाटावर पुष्कळ वेळ थांबली, मग लोकांमागून वर आली, आजीबाईंना खुणेने फोन मागितला आणि पलीकडचं नीट ऐकू येत नसतानाही केतकीला आपला निरोप सांगून टाकला. पुढच्या स्टेशनवर तिला शोधणारा मीच काय तो वेळापत्रक सोडून वागलो होतो.

आजीबाई थोड्या वेळाने निरोप घेऊन गेल्या. वहीतलं ते पान फाडून त्यांनी सुनंदाला दिलं.

मी तिच्या शेजारी बसलो. तिने मशीन कानात लावलं.

“अहो, ओहोटी लागलीय,” ती म्हणाली. “बघा ना.”

खरंच पाणी खाली गेलं होतं. काठाशी काळपट वाळू, गोटे, कौलांचे तुकडे, जुन्या लाकडी खांबांवर हिरवं शेवाळ. समुद्र तिथून कितीतरी दूर आहे, तरी टेम्सला भरती-ओहोटी येते. माझ्या कागदावर हे कुठेच नव्हतं. सुनंदाचं माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठचं. तिने पाण्याचा रंग आणि खांबावरची ओली रेघ बघून ओळखलं होतं. तासाभरात पाणी वळेल, असं ती म्हणाली.

समोरून एक बोट गेली, तिच्या लाटा चिखलाला येऊन हलकेच लागल्या.

“मला ऐकू येत नाही, त्याचं मी काहीतरी करीन,” ती म्हणाली. “पण मला कुणी काही विचारलं की तुम्ही उत्तर देऊन टाकता. मग मला वाटतं, मी तिथे नाहीच.”

मी म्हणालो, तुला त्रास होऊ नये म्हणून. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, म्हणून तर दोन वर्षं बोलले नाही. मी पिशवीतून तिचा फोन आणि पासपोर्ट काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने ते कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवले आणि मला एक दशमी दिली.

किल्ला त्या दिवशी राहिला. पूलही जवळून पाहिला नाही, बाकावरून दिसला तेवढाच, धुक्यात अर्धा पुसलेला. आम्ही पाणी वळायची वाट बघत बसलो. तो क्षण मला आधी कळला नाही, तिने दाखवला. नदी थांबल्यासारखी झाली. पाण्यावरचं एक पान ना इकडे ना तिकडे, जागच्या जागी फिरत राहिलं. मग ते उलट्या दिशेने, शहराच्या आत निघालं. नांगरलेल्या होड्यांनी सावकाश तोंडं फिरवली. गोटे एकेक करून बुडाले. पाठीमागे माणसं पुलावरून कामाला जात होती, फोटो काढत होती, मुलांना ओढत होती, आणि आमच्या समोर अख्खी नदी गाजावाजा न करता परत फिरत होती. ऊन आलं तेव्हा पाणी पितळेच्या रंगाचं झालं. किती वाजले ते मी पाहिलं नाही.

उरलेल्या दोन आठवड्यांत आम्ही दिवसाला एक ठिकाण पाहिलं. ते सुनंदा ठरवायची. एक दिवस तिने नुसती बाग निवडली आणि आम्ही बदकं पाहिली. एक दिवस साउथहॅम्प्टनला केतकीच्या मैत्रिणीकडे गेलो आणि प्रचंड जहाजं धुक्यात भोंगे देत निघताना पाहिली. ते भोंगे सुनंदाला मशीनशिवाय ऐकू आले, छातीत ऐकू आले म्हणाली. दुकानात कुणी तिला काही विचारलं की मी बुटांकडे बघत थांबायचो. ते थांबणं सुरुवातीला फार लांब वाटायचं. पुढे पुढे तेवढं वाटेनासं झालं.

चिपळूणला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुलकर्णीवहिनी आल्या. लंडनमध्ये काय काय पाहिलंत, असं त्यांनी विचारलं. मी सवयीने तोंड उघडलं, आणि मग चहा टाकतो म्हणून आत गेलो. ओट्याशी उभा राहून मी ऐकत होतो. सुनंदा सावकाश सांगत होती. बदकं सांगितली, जहाजं सांगितली, दशमी खाणाऱ्या आजीबाई सांगितल्या. मग सांगता सांगता ती ट्यूबच्या दाराच्या गोष्टीपाशी आली. एवढ्या परक्या गावात, एकट्या, तुम्ही घाबरला नाहीत का, असं वहिनींनी विचारलं.

“दार बंद झालं तेव्हा यांचा आवाज नाही आला, पण चेहरा दिसला,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता आपण घाबरून चालायचं नाही. नाहीतर यांना कोण शोधणार?”

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला आणि ती पुढे काय सांगते ते ऐकत तिथेच उभा राहिलो.